आठ पावलांवरचा सर्व्हर

पुण्यात तुम्ही कोणीही असा. टीम लीड असा, सिनिअर अमुकतमुक असा, व्हिजिटिंग कार्डावर तीन ओळींचं डेझिग्नेशन असू दे. गावाकडच्या स्टँडवर उतरलात की तुम्ही फक्त 'कॉम्प्युटरवाला' असता! आत्याचा प्रिंटर, शेजारच्या काकूंचा फोन, चुलतभावाचं वायफाय... पेशंट रांगेत उभेच असतात. फी म्हणून चहा, फार तर शेव-चिवडा. आणि खरं सांगू? आपणही आतून खूश असतो. पुण्यात आपल्याला एवढं कोण विचारतं?

गेल्या वर्षी मे महिन्यात मी असाच चार दिवस जळगावला गेलो होतो. जळगावचा मे म्हणजे काय चीज आहे, ते जळगावकरालाच ठाऊक. अकरा वाजले की माणसं घरात, रस्ते सुनसान. आईने आमरस आणि खापरावरच्या मांड्यांचा बेत केला होता. कूलरसमोर बसून मी दोन मांडे उडवले होते, तिसरा ताटात पडणार एवढ्यात फोन वाजला. धुळ्याहून मामा.

"भाऊ, बठ्ठं बंद पडी गयं रे!"

मामा एरवी माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलतात. त्यांची अहिराणी दोनच वेळा बाहेर पडते. फार आनंद झाला तर, नाही तर फार टेन्शन आलं तर. हा आवाज आनंदाचा नव्हता.

मामांचा धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची प्रगतिपुस्तकं, असं सगळं. पाच कॉम्प्युटर. पाच वर्षांपूर्वीपर्यंत तिथे फायलींचा नुसता गोंधळ होता. डीटीपीवाल्या ताईच्या मशीनवर 'फायनल', प्लेट काढणाऱ्या मुलाच्या पेनड्राइव्हवर 'फायनल नवी' आणि बिलिंगच्या काउंटरवर 'फायनल खरी'. एकदा एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आजोबांच्या नावामागे चुकून 'कै.' छापलं गेलं. आजोबा स्वतः पत्रिका घेऊन दुकानात आले होते! तेव्हा मी मामांना म्हटलं, सर्व्हर लावू या. सगळ्या फायली एकाच जागी.

एक जुना कॉम्प्युटर घेतला, त्यात लिनक्स टाकलं, त्यावर सांबा बसवलं. सांबा म्हणजे नाच नाही बरं का! लिनक्सच्या मशीनमधलं फोल्डर विंडोजच्या कॉम्प्युटरला आपलंच वाटावं, अशी सोय करणारं हे फुकट सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या मुलाने १९९१-९२ च्या सुमारास ते लिहायला घेतलं. विंडोज ज्या भाषेत फायली मागतं, तिचं नाव एसएमबी. आपल्या सॉफ्टवेअरला नाव हवं म्हणून त्याने कॉम्प्युटरमधल्या शब्दकोशात एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यात एक सापडला सांबा. झालं बारसं! आज जगभरातल्या ऑफिसांत, घरच्या छोट्या स्टोरेजच्या डब्यांतसुद्धा ते निमूटपणे राबत असतं.

मला मात्र साध्यावर भागवायचं नव्हतं. छापखान्याच्या वेबसाइटसाठी मी एक नाव विकत घेतलं होतं, त्याच नावावर सर्व्हरचंही ऐटबाज बारसं केलं. पाचही कॉम्प्युटरवर ते नाव टाकलं. मामा खूश. मी त्यांच्याहून खूश. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा. सगळा लोचा इथेच आहे.

तर, फोनवर मामा सांगत होते. सकाळी दहापासून नेट गेलंय. कुठेतरी खोदताना केबल तुटली म्हणे. आणि नेट गेल्यापासून एका कॉम्प्युटरवरून सर्व्हर उघडत नाहीये.

मी मांड्याचा तुकडा मोडत बिनधास्त म्हणालो, "मामा, नेटचा आणि सर्व्हरचा काही संबंध नाही. सर्व्हर तुमच्या ऑफिसातच आहे ना? टेन्शन घेऊ नका. सगळ्यांना कॉम्प्युटर रीस्टार्ट करायला सांगा."

आपल्या धंद्यातला आद्य मंत्र हो! बंद करा, चालू करा. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. आधी एकच कॉम्प्युटर बंद होता. आता चार. जे चालू होते, तेही गेले.

मग मामांनी आवाज खाली आणला. "अरे, एक जण बसलेत इथे सकाळपासून. साक्री तालुक्यातले. वडील गेले त्यांचे. गंधमुक्तीची पत्रिका आहे."

तुम्ही खान्देशातले नसाल तर सांगतो. माणूस गेल्यानंतरच्या विधींमधला हा आमच्याकडचा शब्द. पत्रिकेवर गेलेल्या माणसाचा फोटो, सगळ्या भाऊबंदांची नावं, दिवस, वेळ. हल्ली फोनवर पाठवतात सगळे, पण काही घरी आजही पत्रिका हातात द्यावी लागते. त्या माणसाने आदल्या संध्याकाळी प्रूफ पाहून होकार दिला होता. दुपारी बारापर्यंत तीनशे पत्रिका घेऊन त्याला गावी जायचं होतं, उद्या सकाळी वाटायला माणसं तयार होती. फाइल सर्व्हरवर. सर्व्हर कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाखाली. डीटीपीच्या टेबलापासून मोजून आठ पावलं.

तिसरा मांडा तसाच राहिला.

पहिली शक्कल मामेभावाने लढवली. त्याने लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला. नेट आलं, पण सर्व्हर काही उघडेना. कसा उघडणार? मोबाइलला जोडला गेला की लॅपटॉप ऑफिसच्या वायफायमधून बाहेर पडला. नाव सापडलं, घर हरवलं!

दुसरी शक्कल माझी. मी म्हटलं, नाव सोड, सर्व्हरचा नंबर टाक. १९२.१६८.१.१०. मला पाठ होता. त्याने टाकला आणि ओरडला, "आला!" मी पाटावरून उठलोच. पण आला होता तो फक्त पासवर्ड विचारणारा चौकोन. विंडोजने पासवर्ड त्या ऐटबाज नावाखाली जपून ठेवलेला. नंबराने गेलात की त्याच्या लेखी तुम्ही नवा माणूस. आणि पासवर्ड? मी ठेवलेला सोळा अक्षरी, आकडे आणि चिन्हं घातलेला. तो होता माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये. लॅपटॉप पुण्यात, कपाटात.

तिसरी शक्कल, मी इथून रिमोटने सर्व्हरवर शिरतो. पण रिमोटला तिकडे नेट हवं. म्हणजे मुळावरच घाव!

चौथी, सर्व्हरला मॉनिटर लावून फोनवर कमांड सांगायच्या. "मामा, आता डॅश." "कोणती रेघ? खालची का मधली?" "मधली." "मधल्या दोन आहेत." त्यातच मोबाइलची रेंज तुटत होती. तिसऱ्यांदा कट झाल्यावर मी पायात चपला घातल्या.

आई म्हणाली, "अरे, उन्हाचं कुठे चाललास?"

"धुळ्याला. फाइल उघडायला."

तिने काही न विचारता डोक्याला बांधायला उपरणं दिलं आणि पिशवीत दोन कांदे टाकले. ऊन लागू नये म्हणून. मी सर्टिफाइड इंजिनिअर आहे, हे त्या क्षणी कोणीही ओळखलं नसतं.

जळगाव ते धुळे, एरंडोल-पारोळा मार्गे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. एसटीच्या खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती. हा हायवे पूर्वी नंबर सहा होता, आता त्रेपन्न झालाय. रस्त्याकडेला ठिकठिकाणी चर खणलेले. असा एखादा चर खणताना जेसीबीचा दात जरा खोल गेला की गावाचं नेट गेलंच म्हणून समजा. हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. न विचारता केलेल्या खोदकामामुळे देशाचं दरवर्षी सुमारे तीन हजार कोटींचं नुकसान होतं, असा सरकारचाच अंदाज. म्हणून २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप सुरू केलं गेलं. खोदणाऱ्याने आधी विचारावं, खाली कोणाचं काय आहे.

पण माझ्या डोक्यात वेगळीच मंडई भरली होती. केबल तुटली रस्त्यावर, मग आठ पावलांवरचा सर्व्हर का मेला? रीस्टार्ट न केलेले चालत होते, केलेले मेले, असं का? एरंडोल गेलं आणि ट्यूब पेटली.

फंडा सोपा आहे. कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, नंबर कळतात. नावाचा नंबर सांगणारी जी व्यवस्था आहे, तिला डीएनएस म्हणतात. गावात पाहुणा आला की पारावरची म्हातारी मंडळी हात करून घर दाखवतात ना, तसं. मी सर्व्हरला दिलेलं नाव होतं इंटरनेटवरचं. त्याचा पार गावात नव्हता. तो होता दूर देशात, जिथून ते नाव विकत घेतलं तिथल्या मशीनवर. म्हणजे काय व्हायचं बघा. डीटीपीवाली ताई सकाळी कॉम्प्युटर चालू करायची. तिचा कॉम्प्युटर राउटरला विचारायचा, राउटर नेट देणाऱ्या कंपनीला, ती कंपनी थेट परदेशात... आणि तिकडून उत्तर यायचं, १९२.१६८.१.१०. ऑफिसातल्याच कपाटाखालचा नंबर! गंमत म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर मुळात घरातल्या घरात वापरण्यासाठीच राखून ठेवलेत. लाखो घरांत, ऑफिसांत तेच नंबर आहेत. बाहेरच्या जगाला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. आणि मी ते बाहेर विचारत होतो. धुळ्यातल्या माणसाने माजघराचा रस्ता अमेरिकेला फोन करून विचारावा, तसं.

नेट चालू असेपर्यंत हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचं. म्हणून पाच वर्षं कोणाला कळलं नाही. मला तर मुळीच नाही.

मग काही कॉम्प्युटर चालत का होते? कारण एकदा मिळालेलं उत्तर कॉम्प्युटर काही वेळ लक्षात ठेवतो. शिवाय सर्व्हरशी एकदा जोडणी झाली, की ती चालू असेपर्यंत पुन्हा पत्ता विचारायची गरज पडत नाही. रीस्टार्ट केलं की स्मृती साफ. पुन्हा विचारायला जावं, तर पार उठून गेलेला. म्हणजे एक कॉम्प्युटर केबलने मारला होता. बाकीचे मी मारले. जेवता जेवता, फोनवरून.

बसमध्ये स्वतःची समजूत घालायला मला मोठमोठी उदाहरणं आठवायला लागली. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवतेय? आपल्याकडे नऊ वाजून गेले होते आणि फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम तिन्ही एकदम गायब झाली. पाच-सहा तास. नेहमीच्या देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या कमांडने त्यांची सगळी डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली आणि त्यांची डीएनएस मशीनं जगाला दिसेनाशी झाली. पण खरी मजा पुढे आहे. दुरुस्ती करायची जी आतली साधनं होती, तीही त्याच व्यवस्थेवर अवलंबून. म्हणून ती पण बंद! शेवटी इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. ऑफिसच्या दारांवर कर्मचाऱ्यांची कार्डं चालेनात, असंही तेव्हा छापून आलं होतं. अब्जावधी डॉलरची कंपनी आणि धुळ्याचा छापखाना. दुखणं एकच. फरक इतकाच, की त्यांचे इंजिनिअर कांदे घेऊन निघाले नसावेत.

पारोळ्याला बस थांबली. पाण्याची बाटली घेतली. आणि विचार आला, पूर्वी काय करत होते? डीएनएस नव्हतं तेव्हा? तर तेव्हा एक वही होती. म्हणजे वहीसारखी एक फाइल. १९७० च्या दशकात इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवर थोडीच मशीनं होती. त्यांची नावं आणि नंबर एका फाइलमध्ये लिहिलेले. ती फाइल कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम सांभाळायची. नवं मशीन आलं की त्यांना कळवायचं, त्या फाइलमध्ये घालणार, आणि मग सगळ्यांनी नवी प्रत उतरवून घ्यायची. मशीनं वाढत गेली, वही पुरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. पण ती वही गेली नाही. तुमच्या-माझ्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये 'होस्ट्स' नावाची एक चिमुकली फाइल आजही असते. त्यात नाव आणि नंबर लिहून ठेवलात, तर कॉम्प्युटर बाहेर विचारायलाच जात नाही.

म्हणजे उपाय सापडला होता. पाच कॉम्प्युटर, प्रत्येकात एक ओळ. राहिला प्रश्न पासवर्डचा, तो सर्व्हरसमोर बसून बदलता येणार होता.

साडेतीनला छापखान्यात शिरलो. पंखा गरगरत होता. बाकावर एक चाळिशीचा माणूस बसला होता. डोकं भादरलेलं, टोपी हातात. कोणी सांगायची गरज नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून मला बसायला जागा केली. मी डॉक्टर असल्यासारखे सगळे माझ्याभोवती जमले. मी रुबाबात विचारलं, "पाचही बंद आहेत ना?"

मामेभाऊ म्हणाला, "चार. आतलं काकांचं माहीत नाही. त्यांनी रीस्टार्ट करूच दिलं नाही."

काका म्हणजे छापखान्याचे हिशेबनीस. वय सत्तरीच्या आसपास. मामांच्या वडिलांच्या काळापासूनचे. आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून बसतात. मी आत डोकावलो. काका शांतपणे बिलं चढवत होते. सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये!

"काका, तुमचं चालू आहे?"

"सकाळपासून चालू आहे. हा पोरगा आला होता बंद करा म्हणून. म्हटलं, चालतंय त्याला हात कशाला लावायचा?"

मला काय बोलावं सुचेना. काकांची जोडणी सकाळी नेट असताना झालेली, आणि ते एक मिनिटही न थांबता काम करत होते. म्हणून ती जिवंत होती. अख्ख्या छापखान्यात एका माणसाने माझा सल्ला धुडकावला होता आणि तेवढीच एक खिडकी उघडी राहिली होती.

पेनड्राइव्ह लावला. पत्रिकेची फाइल कॉपी व्हायला अर्धं मिनिट लागलं. ताईने ती तिच्या मशीनवर उघडली, प्लेट निघाली, मशीनचा खडखडाट सुरू झाला. अर्ध्या मिनिटाच्या कामासाठी तो माणूस साडेचार तास बसला होता.

"आता फक्त पासवर्ड बदलतो," मी म्हणालो आणि सर्व्हरला कीबोर्ड लावायला लागलो.

"कशाला बदलता?" काका चष्म्यावरून बघत म्हणाले. त्यांनी ड्रॉवर उघडला. लाल कापडी बांधणीची डायरी. पानं उलटत ते पाच वर्षं मागे गेले. सर्व्हर बसवल्याची तारीख, वायरचा खर्च, त्या दिवशी सगळ्यांना आणलेल्या कचोरीचा खर्च, आणि त्याखाली सुवाच्य अक्षरात सर्व्हरचा नंबर आणि पासवर्ड. सोळाच्या सोळा अक्षरं. "तुम्ही त्या दिवशी मोठ्याने म्हणत टाइप करत होता. मी लिहून ठेवलं. हिशेबाच्या माणसाला सवय असते."

मामा म्हणाले, "अहो काका, मग बोलला का नाही? हा पोरगा जळगावहून आला ना उन्हाचा!"

"मला कोणी विचारलं?"

खोलीत दोन क्षण फक्त पंख्याचा आवाज. मी बसमध्ये कॉम्प्युटरला हसलो होतो, की शेजारच्या खोलीचा पत्ता परदेशात विचारतो. आणि आम्ही काय केलं होतं? काकांची खुर्ची मामांच्या गल्ल्यापासून आठ पावलंसुद्धा नाही. मामांनी फोन लावला जळगावला. मी शोधत होतो पुण्यातल्या कपाटात. काका आणि लाल डायरी कोणाच्या डोक्यातही आली नाही. का, तर ते म्हातारे आणि हे कॉम्प्युटरचं काम!

सव्वाचारला पत्रिका बांधून तयार झाल्या. मामा पैसे घेईनात, तो माणूस दिल्याशिवाय जाईना. शेवटी मामांनी निम्मे घेतले. दारात थांबून तो मला म्हणाला, "तुम्ही आमच्यासाठी जळगावहून आलात म्हणे. उन्हाचं फार त्रास दिला तुम्हाला." मी काय सांगणार, की दादा, चूक माझी होती? सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं नाही. म्हणून इथे लिहितोय.

मग दोन तास बसून मी माझी ऐट उतरवली. प्रत्येक कॉम्प्युटरच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये एक ओळ घातली. पण हा झाला तात्पुरता उपाय. उद्या सहावा कॉम्प्युटर आला की पुन्हा तेच. म्हणून पक्का उपायही केला. नावं सांगायचं काम त्या सर्व्हरलाच दिलं. त्यासाठी फुकट आणि छोटी सॉफ्टवेअर्स मिळतात. राउटरला सांगितलं, की ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरने आधी या सर्व्हरला विचारायचं. घरचं नाव असेल तर तो स्वतः उत्तर देईल, बाहेरचं असेल तर तो बाहेर विचारून सांगेल. गावात पुन्हा पार बांधला म्हणा ना.

मामांना हे सगळं समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे धुळ्याचं धुळ्यात ठेवायला एवढा खटाटोप?" मी म्हटलं, मामा, अख्ख्या देशाने केलाय हा खटाटोप. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. त्यानंतर कितीतरी वर्षं असं व्हायचं, की इथल्याच दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांमधली ई-मेल परदेशात जाऊन परत यायची. दोघंही भारतात, पण कंपन्या एकमेकींना भेटायच्या परदेशात. वेळही जास्त, पैसाही जास्त. म्हणून २००३ मध्ये निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. देशातली वाहतूक देशातच फिरावी, एवढ्यासाठी.

"मग आपण वीस वर्षं मागे होतो," मामा म्हणाले.

संध्याकाळी नेट आलं. सगळे सुटकेचा श्वास सोडत होते, तेवढ्यात मी राउटरमागची नेटची वायर उपटली. मामा किंचाळले. मी म्हटलं, आता सगळ्यांनी रीस्टार्ट करा. चौघांनी केलं. काका जागचे हलेनात. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी आधी हातातलं बिल पूर्ण केलं, फाइल सेव्ह केली, मग बटण दाबलं. आम्ही सगळे त्यांच्या खुर्चीमागे गर्दी करून उभे. स्क्रीन आली. काकांनी फोल्डरवर दोनदा टिचकी मारली. उघडलं.

काकांनी डायरी काढली, तारीख टाकली आणि मला म्हणाले, "सांगा. काय काय केलंत ते हळू सांगा."

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. खाली माझ्या बसभाड्याचा आकडाही घातला.

तुमच्या ऑफिसात हे करून बघा

वायर उपटा. एखाद्या शनिवारी, बॉसला सांगून, नेटची वायर तासभर काढून ठेवा. त्या वेळात सगळे कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा. जे नेटशिवाय चालायला हवं ते खरंच चालतंय का, हे बघायचा याहून स्वस्त मार्ग नाही.

चालू आहे ते मारू नका. सर्व्हर काहींना दिसतोय, काहींना नाही, असं असेल तर रीस्टार्टचा मंत्र गिळून टाका. आधी ज्याचं चालू आहे त्याच्याकडून गरजेच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या.

नंबर टाकून बघा. नावाने उघडत नाही आणि नंबराने उघडतंय, तर सर्व्हर ठणठणीत आहे. आजारी आहे ती पत्ता सांगणारी व्यवस्था. नंबरानेही उघडत नसेल, तर वायर, स्विच आणि सर्व्हर बघा.

सर्व्हरचा नंबर पक्का ठेवा. राउटरमध्ये तो राखून ठेवता येतो. नाही तर आज दहा, उद्या सतरा, आणि लिहून ठेवलेल्याचा उपयोग शून्य.

घरच्या मशीनला घरचंच नाव. त्या नावाचं उत्तर ऑफिसातल्या ऑफिसात मिळेल अशी सोय करून घ्या. तुमच्या सिस्टिमवाल्याला हा एकच प्रश्न विचारा: "नेट गेलं तर आपल्या सर्व्हरचं नाव कोण सांगणार?" तो गप्प झाला, तर समजून जा.

कागदावर लिहा. नंबर, पासवर्ड, काय कुठे जोडलंय, सगळं. भिंतीवर चिकटवू नका, कुलपात ठेवा. आणि ते कोणाकडे आहे, हे ऑफिसातल्या किमान दोघांना ठाऊक असू द्या.

आणि हो, आतल्या खोलीत बसणाऱ्या काकांना आधी विचारा.